मोठी बॅटरी आणि आक्काचं अंगण

निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्याने गाडीमागे ओढायची एक छोटी कॅरॅव्हॅन बांधून घेतली. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये काढली होती, त्यामुळे बांधून घेतली म्हणण्यापेक्षा बांधणाऱ्याच्या डोक्यावर बसून बांधवली म्हणणं जास्त खरं. आत एक पलंग, एक बाक, गॅसची शेगडी, पंखा, दिवे आणि छपरावर सोलरचं एक पॅनेल. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत ती पहिल्यांदा आली तेव्हा अध्यक्षांनी तिला नीट फिरून पाहिलं आणि विचारलं, "वडापाव कधीपासून सुरू करताय?" सोसायटीत ती ठेवायला जागा मिळणार नाही, हे त्यात आलंच.

मग ती मांजरीला गेली. तिथे ह्यांच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. त्यांची अर्धी जमीन उसाखाली, उरलेल्या अर्धीच्या कडेला उंच इमारती आलेल्या. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांनी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये जागा करून दिली आणि आमच्या कॅरॅव्हॅनचं नाव 'डबा' ठेवलं. चार-पाच वर्षं आम्ही त्या डब्यातून खूप हिंडलो. गाडी हे चालवायचे, मी शेजारी बसून रस्ता सांगायची.

नंतर ह्यांची फुप्फुसं आजारी पडली. आधी जिना चढताना दम लागायचा, मग सपाटीवर, मग अंघोळ करतानासुद्धा. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं यंत्र घरी आणायला सांगितलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं, चाकांवरचं, गुडघ्याएवढं यंत्र. त्याची नळी नाकात घालून हे दिवसाचा बराच वेळ आणि सगळी रात्र असायचे. यंत्राला सतत वीज लागते. घरात इन्व्हर्टर होता, त्यामुळे पुण्यात तशी काळजी नव्हती. पण त्या दिवसापासून आमचं जग त्या नळीच्या लांबीएवढं झालं. हे तक्रार करायचे नाहीत. खिडकीशी बसून पेपर वाचायचे आणि दुपारी तोच पेपर पुन्हा वाचायचे. ते मला बघवत नसे.

ह्यांना एकच बहीण, दहा वर्षांनी मोठी. आक्का. श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका गावात मुलगा-सुनेबरोबर राहायची. आई लवकर गेल्यामुळे ह्यांना तिनेच वाढवलं होतं. गुडघ्यांमुळे तिला आता गाडीत दोन तासांच्या वर बसवत नव्हतं, आणि ह्यांना यंत्र सोडून जाता येत नव्हतं. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. दोघंही कानाने कमी, त्यामुळे निम्मा फोन "काय म्हणालास?" आणि "काय म्हणालीस?" यातच जायचा.

एकदा फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "तिच्याकडे वीज सारखी जाते. नाहीतर गेलो असतो."

मी म्हटलं, "डब्यात बॅटरी आहे की."

त्यांनी माझ्याकडे अशी मान वळवली, जशी खूप दिवसांत वळवली नव्हती. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "ती बॅटरी दोन दिवे आणि एक पंखा चालवते. हे यंत्र लावलं तर दोन तासांत मान टाकेल. आणि तो इन्व्हर्टर अशा यंत्राला चालणारच नाही." पुढे म्हणाले, "लिथियमची मोठी घातली तर गोष्ट वेगळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेपर उघडलाच नाही. पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड करत बसले होते. यंत्र किती वीज खातं, रात्रभर चाललं तर किती लागेल, दुसऱ्या दिवशी वीज आलीच नाही तर काय. मी चहा ठेवला तो गार झाला. मला त्याचा इतका आनंद झाला की मी दुसरा केला.

नारायण पेठेच्या टोकाला बॅटऱ्यांचं एक दुकान आहे. मालकांचे वडील तिथेच मोटारींचं वाइंडिंग करायचे आणि ह्यांच्या कारखान्यातल्या मोटारीही त्यांच्याकडे यायच्या, असं हे सांगत. आताचे मालक पन्नाशीचे. लिथियमच्या बॅटऱ्या स्वतः जोडून देतात. मी गेले तेव्हा दुकानात रोजे सोडायच्या खजुरांचं खोकं काउंटरवर होतं आणि ते स्वतः दुपारच्या उन्हात घसा कोरडा असताना एका गिऱ्हाइकाला शांतपणे समजावत होते. माझं ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बॅटरीचा नव्हता.

"डॉक्टरांनी परवानगी दिली आहे का?"

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग आधी त्यांना विचारा. बॅटरी कुठे जात नाही."

डॉक्टरांनी बराच वेळ विचार केला. समुद्रसपाटीची हवा ह्यांना उलट बरी, असं ते म्हणाले. पण यंत्र बंद पडलं तर हाताशी दुसरी सोय हवी. गाडीत आणि मुक्कामाला ऑक्सिजनचे सिलिंडर हवेत. जवळच्या हॉस्पिटलचा नंबर त्यांनी स्वतः शोधून दिला. निघताना म्हणाले, "जाऊन या. बहिणीला भेटून त्यांना बरं वाटेल." ऐकून मलाही बरं वाटलं.

ईद झाल्यावर बॅटरीवाले स्वतः मांजरीला आले. आम्हीही ह्यांना सिलिंडर लावून, यंत्र गाडीत घालून तिथे नेलं. दादांनी शेडच्या दारात खुर्ची टाकली, घरातून वायर ओढून ऑक्सिजनचं यंत्र चालू करून दिलं. खुर्चीत बसून हे सूचना करायला लागले.

जुनी बॅटरी पुढच्या दांड्यावर, बाहेरच्या पेटीत असायची. नवी लांबीने मोठी, त्या पेटीत बसेना. ती आत ठेवायची तर चाकांच्या जवळ, बाकाखाली. आणि बाकाखाली माझं स्वयंपाकघर होतं. कुकर, पोळपाट, लाटणं, पिठाचा डबा, सगळं. मी ते एकेक बाहेर काढून उसाच्या बांधावर मांडत होते, तेव्हा हे म्हणाले, "आक्का काही तुला स्वयंपाक करू देणार नाही."

"आणि नंतर?"

"नंतर म्हणजे?"

"नंतर दुसरीकडे जाऊ तेव्हा."

त्यांनी बॅटरीवाल्यांना सांगितलं की बाकाची फळी एका बाजूला वीतभर वाढवा, कुकर तरी राहिला पाहिजे.

बॅटरी बसली, नवा चार्जर बसला, गाडी चालू असताना तिच्यातून बॅटरी भरायची सोय झाली, नवा इन्व्हर्टर बसला. चाचणीसाठी ह्यांना पुन्हा सिलिंडर लावून ऑक्सिजनचं यंत्र डब्यातल्या प्लगला लावलं. ते नेहमीसारखं धापा टाकत चालू झालं. आम्ही सगळे चहा प्यायला वळलो, आणि ह्यांनी हात वर केला.

"आवाज बसतोय. व्होल्टेज पडतंय."

मला तरी फरक कळत नव्हता. बॅटरीवाले कप ठेवून आत गेले. तेवढ्यात इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडला. त्यांनी बाकाखाली हात घातला आणि पटकन मागे घेतला. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची जुनी वायर तापली होती. ती ह्यांनीच काही वर्षांपूर्वी स्वतः घातली होती, आणि सकाळी बदलू नका म्हणून सांगितलंही होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चूक माझी," बॅटरीवाले म्हणाले. "मी ऐकायला नको होतं."

"चूक दोघांची," हे म्हणाले. "पण आवाज मी ओळखला."

दोघं हसले. ते हसणं कारखान्यातलं होतं. बिघाड सापडल्यावर माणसं हसतात तसं. अंगठ्याएवढी जाड वायर आणायला बॅटरीवाले पुन्हा शहरात जाऊन आले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत यंत्र एका सुरात चाललं. परतताना गाडीत ह्यांनी मला लिथियमबद्दल इतकं सांगितलं की मी अर्धं विसरले. आजारी पडल्यापासून लोक ह्यांना तब्येत विचारत होते. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी त्यांना मत विचारलं होतं.

आता एकच अडचण उरली. गाडी कोण चालवणार? मी गाडी चालवते, पण डबा जोडून कधी चालवली नव्हती. पुढे जाणं सोपं असतं. मागे घ्यायचं म्हटलं की डबा भलतीकडेच वळतो. दादांनी मला उसाच्या रिकाम्या तुकड्यात उभं केलं. आयुष्यभर ट्रॉली मागे घेतलेला माणूस.

"वहिनी, जिकडं शेपूट न्यायचं हाय, त्याच्या उलट शिंगं फिरवायची. आन् घाई न्हाई करायची. घाई क्येली का डबा रुसतो."

पहिल्या दिवशी डबा अनेकदा रुसला. एकदा तर पाटाच्या पाण्यात चाक गेलं आणि ट्रॅक्टरने ओढून काढावं लागलं. पण दादा कंटाळले नाहीत. त्यांच्या मंडळींनी भाकरी-पिठलं करून आम्हाला जेवू घातलं. पुढे काही दिवस मी रोज जात राहिले, आणि एका सकाळी डबा सरळ शेडमध्ये गेला. दादा फक्त म्हणाले, "हां, आता जावा."

उन्हाळा आणि पावसाळा उलटू दिला आणि आम्ही दिवाळीनंतर निघालो. पहाटेच्या गारव्यात ताम्हिणी उतरले तेव्हा माझे तळहात घामाने चिकट होते. हे शेजारी बसून, नाकात नळी, मांडीवर रुमाल, मला एकही सूचना न देता बसले होते. त्यांना ते किती कठीण गेलं असेल हे मला माहीत आहे. माणगावला चहा प्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "ब्रेक माझ्यापेक्षा बरे मारतेस." एवढं कौतुक मला लग्नानंतर फारदा मिळालेलं नाही.

आक्का अंगणात खुर्ची टाकून बसली होती. डबा मागे घेऊन मी तो सुपारीच्या वाडीला लागून उभा केला. ती उठायला लागली, हे चालायला लागले, आणि दोघांनाही घाई जमत नव्हती. मधल्या चार पावलांत सून आणि मी दोघी तयारीत उभ्या राहिलो. आक्काने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, नळीला धक्का न लावता.

"मला वाटलं होतं, आता आपलं फोनवरच जायचं," ती म्हणाली.

"मलाही," हे म्हणाले.

यंत्र ह्यांनी पहिल्यापासून डब्याच्याच प्लगला लावायला लावलं. डब्याला घरातून वीज, आणि डब्यातून खिडकीवाटे वायर पडवीत. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर पडवीत दोघांचा वाद रंगला होता. लहानपणच्या घरातली विहीर पायरीच्या डावीकडे होती की उजवीकडे. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. गावातल्या तारेवर माडाची झावळी पडली होती. मी डब्याकडे धावले, मीटर पाहिला. बॅटरी जवळजवळ भरलेली होती. पडवीत परत आले तर यंत्र चालूच होतं आणि आक्का सुनेला म्हणत होती, "हातपंखा आण गं." मग ह्यांच्याकडे वळून, "डावीकडे. पोहायला मी शिकवलं तुला, मला विचार."

वीज दुसऱ्या दिवशी उशिरा आली. तोवर छपरावरच्या पॅनेलनेही थोडा हातभार लावला होता आणि बॅटरीत अजून शिल्लक होती. सिलिंडरना हात लावावा लागला नाही. मी अंगणाच्या कडेला जाऊन नारायण पेठेत फोन केला आणि झालेलं सगळं सांगितलं. बॅटरीवाल्यांनी विचारलं, वायर तापली नाही ना. नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "बहीण-भावाची भेट झाली ना नीट?" मी "झाली" एवढंच म्हटलं, तर ते म्हणाले, "बरं, ठेवतो. दुकानात गर्दी आहे."

आम्ही आठवडाभर राहिलो. आजारी माणूस म्हणून सगळे आधी ह्यांचीच काळजी करत होतो. पण फाल्गुनात आक्का गेली, झोपेत, कसलाही त्रास न होता. भाच्याचा फोन मीच घेतला. ह्यांना सांगितलंही मीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिने शेवटपर्यंत डावीकडेच म्हटलं. बहुतेक बरोबर होती."

आम्ही दहाव्याला गेलो. या वेळी ताम्हिणीत माझे हात कोरडे होते. पोचल्यावर बाकाच्या वाढवलेल्या फळीखालून मी कुकर काढला. आक्काच्या सुनेने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "मामी, तुम्ही बसा."