शेपटीतले सहा एच

पीएचडीनंतर मुदतीच्या नोकरीवर संशोधन करणारे पोस्टडॉक महाशय म्हणजे प्रथिनांचे भाट. कोणतं प्रथिन कुणाच्या कुळातलं, हे ते संगणकावर जुळवत बसायचे. परीक्षानळीला मात्र सात वर्षांत हात लावला नव्हता. नोकरीची मुदतवाढ एका शोधावर अडली होती, आणि तो लागलाही. प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ, प्रत्येक मण्याला एक अक्षर. प्रयोगशाळांनी नोंदवलेली चाळीस जीवांच्या प्रथिनांची अक्षरं मांडली, तर प्रत्येकाच्या शेपटीला ओळीने सहा एच, म्हणजे हिस्टिडिन! "अब्जावधी वर्षं निसर्गाने जपलेला ठेवा," असं त्यांनी सासऱ्यांनाही ऐकवलं.

मुदतवाढीच्या बैठकीत ती शेपटी पडद्यावर झळकली. मागे बसलेल्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी चष्मा वर सारला.

"अहो, ते एच आम्ही प्रयोगशाळावालेच चिकटवतो. प्रथिन गाळून वेगळं काढायचं तर धरायला शेपूट नको?"

"चाळीसही?" महाशयांनी विचारलं.

"बारा तर माझीच आहेत. मला निसर्ग म्हणालात, बरं वाटलं."

विभागप्रमुख सरांनी मुदतवाढीचा कागद सही न करताच फाइलीत सरकवला. महाशयांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते वहीत लिहीत होते: सगळ्या प्रयोगशाळा सहाच एच का लावतात, याचीही वंशावळ काढता येईल.