झेंडूच्या फ्रेममधले लोक

एक रिअ‍ॅलिटी शो आणि मोबाइलवरचा एक ग्रुप, एवढ्यावर किती किस्से जमतात म्हणून सांगू! डिलीट करायला बसलो तरी फोनमध्ये जागा होत नाही. आमच्या पांढरकवड्याच्या ग्रुपवर एकच चर्चा: टीव्हीवरच्या त्या बंद घरात आज कोण भांडलं आणि रविवारी कोणाला बाहेर काढणार. एरवी शहाणीसुरती माणसं, पण हातात फोन आला की कोणाला धरबंध नाही.

* * *

स्टँडजवळ गजूचं फ्लेक्सचं दुकान आहे. पहिला स्पर्धक बाहेर पडला त्या रविवारी गजूनं त्याचा फोटो झेंडूच्या फ्रेममध्ये घातला, खाली समई, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि दिला ग्रुपवर टाकून. काय हसलो आम्ही! तेव्हापासून प्रथाच पडली. रविवारी फ्रेम, आणि फ्रेमखाली सगळ्यांचे हसरे चेहरे.

मी एकदा ती स्टेटसला ठेवली, तर घाटंजीहून सासूबाईंचा फोन.

"जावईबापू, कोन गेलं?"

"कोणी नाही हो, टीव्हीतला माणूस आहे."

"मंग जेवून घेऊ ना आमी? ताटं तशीच ठेवली!"

* * *

सगळ्यात जहाल कमेंट संतोष राठोडच्या. हा हैदराबाद लाइनवर ट्रक चालवतो. त्या घरात एक भांडखोर बाई होती, तिच्यावर त्याचा भारी राग. "इले माह्या गाडीच्या मागच्या चाकाखाली झोपवा!" असं त्यानं लिहिलं, आणि आम्ही त्यालाही हसलो.

* * *

गजूची माय अंथरुणाला खिळलेली. किडन्या गेलेल्या, नजरही गेलेली. रोज संध्याकाळी गजू खाटेजवळ बसून ग्रुपच्या कमेंट मोठ्यानं वाचायचा आणि माय पोट धरून हसायची. संतोषच्या कमेंट तर तिला फारच आवडायच्या. तोही तिला याडी म्हणायचा, म्हणजे त्याच्या बंजारा बोलीत आई.

पण त्या भांडखोर बाईला कोणी बोललेलं मायला खपत नसे. गजूनं मायचा आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला.

"संत्या, काहून मांगं लागून राह्यला रे तिच्या? एकटी हाय ते तिथं. भांडल नाही तं काय करन?"

"याडी, तुमच्यासाठी तिले एक वोट देतो!" संतोषनं लिहिलं. वोट दिलंही, आणि लगेच त्या बाईला शिव्या घालायला मोकळा!

* * *

पुढे यवतमाळच्या डॉक्टरांनी मायला घरी न्यायला सांगितलं.

"माय म्हनते, रविवारपर्यंत थांबू दे मले," गजू मला म्हणाला. "ते बाई राह्यते का जाते, तेवढं ऐकून घेऊ दे."

रविवारी दुपारीच माय गेली.

संध्याकाळी, एपिसोड संपता संपता, गजूनं ग्रुपवर फोटो टाकला. झेंडूची तीच फ्रेम, खाली तीच समई. आत माय होती. संतोषची गाडी आदिलाबादच्या अलीकडे, नेटवर्क धड नाही. त्याला फोटो धूसर दिसला, फुलं तेवढी कळली.

"गेली एकदाची! आता घरात शांती!" त्यानं लिहिलं.

त्याच्यामागून फोटो न उघडताच धडाधड हसरे चेहरे. मला आम्हा सगळ्यांची किळस आली. टीव्हीवरची ती बाई त्या रविवारी वाचली होती.

* * *

परतीच्या वाटेवर संतोष ट्रक रस्त्यातच उभा करून गजूच्या घरी आला. मी तिथेच होतो. एवढा दांडगा गडी, दारातच मटकन बसला आणि रडायला लागला.

"गजूभाऊ, मार मले. चपलीनं मार!"

मायची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. मला वाटलं, गजू आता मारतोच. त्यानं संतोषला हाताला धरून उठवलं, पाणी दिलं.

"तुही कमेंट आली ना संत्या," तो म्हणाला, "तं सवयीनं मी फोन घेऊन खाटेजवळ गेलो. मोठ्यानं वाचली. म्हटलं, आता हसते माय."