केशोरीच्या मामीची वेबसाइट

सकाळी मामाचा फोन आला. मामा स्वतःहून कधी फोन करत नाही, मामीने लावून त्याच्या हातात दिला तरच बोलतो. त्यामुळे पलीकडे नुसता श्वास ऐकू आला तेव्हाच मी हातातलं काम टाकून उभी राहिले. "तुझी मामी गेली व," एवढंच म्हणाला आणि फोन तसाच धरून बसला... मागे बाया रडत होत्या. झोपेतच गेली. आदल्या संध्याकाळपर्यंत धानाची पोती मोजून घेताना गड्यांवर ओरडत होती म्हणे. महिना होत आला, पण मला अजून तिचा रागच येतो आणि रडू येतं ते त्याच्या मागून.

मी गोंदियात लहानसहान दुकानदारांना वेबसाइट बनवून देते. केशोरीला बोडीखालच्या, म्हणजे गावतळ्याखालच्या, वावरात मामी चिन्नोर लावायची. हा आमच्याकडचा वासाचा तांदूळ. पिकतो कमी, वेळ जास्त घेतो, आणि वर्षभर जुना झाल्याशिवाय मामी तो विकायची नाही. व्यापारी तो साध्या तांदळाच्या भावात मागायचे, म्हणून तिने थेट खाणाऱ्यालाच विकायचं ठरवलं. "मलेबी एक वेबसाइट करून दे," ती म्हणाली, जणू ब्लाउज शिवून मागत होती. मग सुरू झाली माझी परीक्षा. फोटो काढायचा तर आधी अंगण सारवून होऊ दे. 'आमच्याबद्दल' हे पान तर तिने ठेवूच दिलं नाही. आपल्याबद्दल लोकांनी सांगावं, आपण काय सांगायचं, हा तिचा मुद्दा. एवढ्या कटकटी गिऱ्हाईकाशी मी एरवी दुसऱ्या दिवशीच फारकत घेतली असती.

वेबसाइट चालली मात्र झकास. ऑर्डर आली की मामी त्या माणसाला फोन करायची, घरी किती जण खाणारे ते विचारायची, पाणी किती ठेवायचं ते बजावायची. नागपूर-पुण्याच्या बायका तिच्याशी तासभर बोलत बसायच्या. मी साइटवर शिल्लक साठा भरून ठेवला होता. तो विकला गेला की पानावर आपोआप लाल अक्षरांत 'संपला' येतं, सगळ्याच ऑनलाइन दुकानांत येतं. गेल्या लग्नसराईच्या तोंडावर ते आलं आणि अर्जुनीच्या बाजारात कोणीतरी मामीला मोबाइलवर दाखवलं. तिथूनच तिचा फोन आला. आवाज इतका खाली होता की मी घाबरले.

"माझ्या घरावर हे कोनं लिहिलं?"

मी समजावून पाहिलं की हे मशीन लिहितं. ती ऐकेना. आमच्या घरांत धान्य संपलं असं तोंडाने म्हणत नाहीत, डबा रिकामा असला तरी म्हणत नाहीत, हे मलाही माहीत होतं. पण धंद्यात कसलं आलंय हे, असं म्हणून मी वाद घातला आणि हरले. तो शब्द काढला, त्याबरोबर साठ्याची मर्यादाही गेली, म्हणजे नसलेल्या तांदळाचीही ऑर्डर घेतली जाऊ लागली. दोन दिवसांतच नागपूरहून एका लग्नघरची ऑर्डर येऊन पडली, मोठी. मामीने सवयीप्रमाणे नवरीच्या आईला फोन केला आणि पंगतीला माझाच तांदूळ पडेल असा शब्द देऊन बसली. जुना सगळा विकला गेला होता, नवं पीक त्या साली जेमतेम आलं होतं; कोठीत उरलं होतं फक्त बियाणं.

मी केशोरीला धावले. पैसे परत करू, माफी मागू, असं मी म्हणत होते. मामाचं वेगळंच. "बाजारातला मिसळ. कोनाले समजते?" मामीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. बियाण्याला हात लावायचा नाही एवढं ती बोलली आणि सकाळच्या एसटीने निघून गेली. कुठे, ते सांगितलं नाही. लग्न चार दिवसांवर आलं होतं, तिचा फोन लागत नव्हता, आणि ती नवरीची आई मात्र मला मेसेजवर मेसेज टाकत होती.

मी गोंदियाला परत आले, आणि तिसऱ्या दिवशी मामी माझ्या दारात उभी. हातात पिशवी, मागे रिक्षात भरलेली पोती. मागच्या वर्षी तिने सगळ्या नातलगांना चिन्नोरचा वानोळा पाठवला होता, नव्या पिकातला आपला म्हणून पाठवतात तो. पाहुण्यांसाठी म्हणून सगळ्यांनी तो राखून ठेवला होता. मामी गावोगाव फिरून तो परत मागत होती. वानोळा परत मागितलेला आमच्या सात पिढ्यांत कोणी ऐकला नसेल. माझ्या डब्यातलाही तिने काढून घेतला, तळाशी मूठभर ठेवून. मला इतका संताप आला की मी ओरडलेच: एक शब्द लिहायला लाज वाटते, आणि दारोदार मागायला वाटत नाही?

"मागून मी लहान होईन," ती पिशवीचं तोंड बांधत म्हणाली. "घर नाही होत."

तांदूळ पोचला. पंगत झाली. नवरीच्या आईला यातलं काही कळलं नाही. पावसाळ्यात मामीने बोडीखालचं सगळं वावर चिन्नोरखाली घातलं, आणि ज्याच्या ज्याच्याकडून आणला होता त्याला दामदुपटीने द्यायचं ठरवून टाकलं. धान घरी आलं आणि ती गेली.

तेरवीनंतर मी केशोरीतच लॅपटॉप उघडून बसले. ऑर्डरी येतच होत्या. फोन करून पाणी किती ठेवायचं ते आता कोण सांगणार होतं? मामाला हे झेपणारं नव्हतं, दुकान बंद करणं भाग होतं, आणि बंद करायचं तर तोच शब्द लावायचा होता. एक बटण दाबायचं... माझा हात पुढे जाईना. काय करून राहिलीस, असं मामाने विचारलं. मी सांगितलं.

तो उठून कोठीपाशी गेला, आत हात घालून पाहिला.

"भरून हाय ना कोठी," म्हणाला. "तांदूळ हाय. देनारी नाही. तसं लिही."

मी तसंच लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्याने पुन्हा एकदा वाचायला लावलं.