टोचनच्या दांड्यावरचा पिवळा रंग

मिनीबसच्या मागे आमची जुनी छोटी गाडी जोडून न्यायची, हा हट्ट माझा. आईचं मागणं फार साधं होतं. एकदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला, दीक्षाभूमीवर जाऊन यायचं. आठ वर्षांची असताना ती वडिलांचं बोट धरून तिथे गेली होती. आता खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला दोन तासांच्या वर बसवत नाही. म्हणून निवृत्तीनंतर मी एक जुनी मिनीबस घेतली आणि आत पलंग, छोटा ओटा, संडास असं सगळं बसवून घेतलं. लोक तिला मोटरहोम म्हणतात, आई "माझी खोली" म्हणते. पण त्या दिवशीच्या गर्दीत ही खोली काही मैदानाजवळ पोचणार नव्हती. शेवटच्या टप्प्याला छोटी गाडीच हवी, आणि चालवणारा मी एकटा.

दोरीने ओढायची सोय नाही. पुढच्याने ब्रेक मारला की दोरीवरची गाडी सरळ येऊन आदळते. त्यासाठी पोलादी दांडा लागतो. आम्ही राहतो त्या गाझियाबादमधल्या एका वर्कशॉपचे वयस्कर मिस्त्री त्याला टोचन म्हणत. मी जन्म काढला सरकारी कचेरीत, तेव्हा तीन दुकानांचे दर मागवले, तक्ता आखला आणि सगळ्यात स्वस्त दांड्यापुढे बरोबरची खूण करून तो कागद मिस्त्रींपुढे ठेवला. त्यांनी त्यावर चहाचा ग्लास टेकवला.

"गाड़ी का वज़न कितना है, बाबूजी?"

माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. बरोबर आलेली बायको माझ्याकडे बघून हसली, ते मी अजून विसरलेलो नाही.

मग त्यांनी स्वतःच जाड पाइपचा, दोन पाय फाकलेला दांडा बनवला. गाडीचा बंपर नुसता शोभेचा, त्याला कधी बांधायचं नाही, आतल्या सांगाड्यालाच बोल्ट मारायचे. दोन्हीकडची उंची सारखी हवी. पिन घालायची, तिला क्लिप लावायची, आणि तरीही खाली दोन साखळ्या आडव्यातिडव्या घालायच्या. मला वाटलं, हा माणूस स्वतःच्याच कामावर भरवसा ठेवत नाही.

पानिपतपर्यंत चाचणी फेरी केली. मागच्या गाडीचा गिअर न्यूट्रलमध्ये, स्टिअरिंगचं लॉक काढलेलं. आई मागच्या काचेशी पलंगावर पडून होती.

"अरे, आत कुणी नाही आणि चाक आपोआप वळतंय बघ," ती म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "किती शहाण्यासारखी येतेय."

चहाला थांबलो तेव्हा मी खाली उतरून तो दांडा बघत राहिलो. बोटाएवढी पिन, आणि तिच्यावर अख्खी गाडी.

आता माझी चूक. आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वीस वर्षं काढली. तिथे साहेब पाहणीला येणार म्हटलं की आधी जिना रंगवायचा, भेग राहो तशीच. ती सवय हाडात मुरलेली. पानिपतहून आल्यावर मी दांड्याला दोन हात झकास पिवळा ऑइलपेंट दिला. लांबून दिसावा म्हणून, असं मी म्हणत होतो. निघायच्या आदल्या दिवशी मोठ्या ऐटीत तो मिस्त्रींना दाखवायला नेला, आईलाही बरोबर घेतलं.

मिस्त्री रंगाकडे बघत राहिले. राग त्यांच्या मानेपर्यंत चढलेला दिसत होता.

"लोहे का मुँह बंद कर दिया आपने," ते म्हणाले. "अब ये बताएगा कैसे?"

त्यांनी वेल्डिंगच्या सांध्यावरचा सगळा रंग खरवडला. फडक्याने रॉकेल चोळलं, थोडं थांबून कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड घासली. सांधा पांढराफटक झाला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. काहीच नव्हतं. आणि मग त्या पांढऱ्यातून हळूहळू एक काळसर, केसाएवढी रेघ वर आली. भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. ती रेघ माझ्या डोळ्यांदेखत बोटभर लांब झाली. उद्या या सांध्याच्या भरवशावर मी आईला घेऊन हजार किलोमीटर निघणार होतो.

त्याहून मोठं मग झालं. मिस्त्रींना दोष पानिपतच्या खड्ड्यांवर किंवा माझ्या चालवण्यावर सहज ढकलता आला असता. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

"मेरी वेल्डिंग है. मेरी गलती."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी हजारो फायली पाहिल्या. स्वतःच्या चुकीवर असं बोट ठेवणारा माणूस मला आठवेना. मी हात जोडले. ते त्यांना आवडलं नाही, ते ग्राइंडर शोधायला गेले.

संध्याकाळपर्यंत त्यांनी सांधा कापून पुन्हा जोडला, वर जाड पट्टी चढवली आणि खडूची परीक्षा दोनदा घेतली. रंग लावू दिला नाही, नुसतं तेलाचं बोट फिरवलं.

"हर पड़ाव पे देखना. हाथ लगाके."

आम्ही तीन मुक्काम करत गेलो. प्रत्येक थांब्यावर मी खाली बसून नट आवळले, पिन बघितली, सांध्यावरून अंगठा फिरवला. बायको टॉर्च धरायची. आई वरून विचारायची, "काय म्हणतंय?" मी म्हणायचो, "बरं आहे." तिसऱ्या दिवसापर्यंत तो सांधा मला डोळे मिटूनही ओळखता आला असता.

नागपूरच्या वेशीवर मिनीबस लावली. पिन एका बोटाने निघाली. गाडी जाऊ देतात तिथवर आईला नेलं, पुढे ती वॉकर धरून चालली, माणसांच्या त्या लोटात, एकेक पाऊल. घुमट समोर दिसला तेव्हा ती थांबली. मला वाटलं, खुबा दुखतोय.

"त्या मिस्त्रींना फोन लाव," ती म्हणाली.

लावला. आवाजाच्या कल्लोळात तिने दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला.

"भैया, हम पहुँच गए."

पलीकडून मिस्त्रींचा आवाज आला, मलाही ऐकू येईल एवढा मोठा.

"अच्छा, अम्मा. पिन पोंछ के रखी ना? अभी वापस भी आना है."