कोपरापर्यंतची पोळी

लांब पोळी करताना बाईला हात लपवता येत नाही. भजी झाऱ्यानं काढता येतात, चहा गाळणीतून येतो. खाणाऱ्याची इच्छा असली तर तो करणाऱ्याला विसरू शकतो. पण लांब पोळीची कणीक सैल, जवळजवळ वाहती. आई तिचा गोळा या हातावरून त्या हातावर टाकायची, ती ताणत ताणत पार कोपरापर्यंत उतरायची आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या माठावर पसरायची. पोळीचा एकही भाग आईच्या अंगाला लागल्याशिवाय राहत नसे. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. सौंसरच्या बस स्टँडसमोर एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, लाकडी बाकडी, आलूबोंडे आणि तर्री-पोहे. बाजाराच्या दिवशी मात्र पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आणि लांब पोळी. बोरगाव-लोधीखेड्याचे कास्तकार, संत्र्याचे आडते त्या पोळीसाठीच बाकड्यावर जागा धरायचे. ती पोळी माझी आई करायची. मागे, बांबूच्या तट्ट्याआड.

आम्ही बौद्ध मोहल्ल्यातले. आमच्या लोकांचा कप त्याच हॉटेलच्या बाहेरच्या खांबाला, खिळ्यावर टांगलेला असायचा. पिऊन झालं की आपणच धुवायचा आणि परत टांगायचा. म्हणजे बाहेर आमचा कप वेगळा आणि आत प्रत्येक ताटात आईची पोळी. मी तेव्हा बी.ए.ला होते, आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिलीच. माझी फी त्या तट्ट्यामागूनच निघायची, म्हणून मी गप्प होते. आई का गप्प होती? मला वाटतं, ती वेळ पाहत होती.

वेळ आली ती अशी. एका बाजाराला मी कॉलेजातून परस्पर मागे गेले होते, आईला लाकडं सारून देत होते. पुढून कोणीतरी विचारलं, "शेठ, पोळी कोन करते बाप्पा? काय हात आहे!"

हॉटेलवाला शेठ म्हणाला, "आमच्या घरच्याच करतात. बाहेरच्याच्या हातचं आमच्याकडे चालत नाही."

आईच्या हातावर कणीक होती. तेवढी पोळी तिनं नीट भाजली, घडी घातली, पुढे पाठवली. मग चूल विझवली, आपला काळाकुट्ट गरम माठ ओल्या पोत्यात धरून चुंबळीवर, डोक्यावर घेतला आणि मागच्या दारानं न जाता सरळ पुढून, बाकड्यांच्या मधून निघाली. खाणारे घास हातात धरून पाहत राहिले.

"अवो, कुठं चालली?" शेठ खालच्या आवाजात म्हणाला.

"घरच्याईले बोलवा ना शेठजी. माह्या हातचं तं चालत नाही."

पुढच्या बाजाराला समोरच्या निंबाखाली आईनं उघड्यावर चूल मांडली. बाबा म्हणाले, "पाहून घे. नाही चाललं तं तू वापस वावरात निंदाले अन पोरगी घरी." यात चूक काहीच नव्हती. गर्दी तर झाली, पण पाहणाऱ्यांची. आमच्या मोहल्ल्यातले खाऊन गेले. बाकीचे हात मागे बांधून तमाशा पाहिल्यासारखे उभे. समोर शेठनं दुसरी बाई बसवली होती. तिची पोळी ताणली की फाटायची. शेठ तिथूनच ओरडला, "पाहून घ्या, पाहून घ्या! पाहाले पैसे नाही लागत!"

मी सारखी शेठकडे पाहत होते. आई मात्र पोळ्या करून राहिली होती, कोणी मागो न मागो.

दुपारी बोरगावचे एक म्हातारे कास्तकार आले. दर बाजाराला शेठकडे जेवणारे. ते आईच्या टोपलीकडे टक लावून पाहू लागले. आई पोळीची चौघडी घालून टोक आत खोचायची, पत्राच्या पाकिटासारखी. तशी घडी दुसरं कोणी घालत नसे.

"हे घडी तं मी ओळखतो," म्हातारबा म्हणाले. "हे शेठच्या इथची होय."

"शेठच्या इथची नाही काकाजी, माही होय. तट्ट्याच्या मांगं मीच होती."

म्हातारबा कधी आईकडे पाहत, कधी हॉटेलकडे.

"म्हणजे इतके दिवस..."

"इतके दिवस माह्याच हातचं खाल्लं. कोपरापर्यंत. आता पोटातून कसं काढता?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. म्हातारबांनी त्याच्याकडे डोळे वटारले, मग खाली पोत्यावर फतकल मारली. "काढाले कोन बसलं? वाढ. रस्सा झणझणीत पायजे." आणि पहिला घास तोंडात गेल्यावर हळूच, "घरी बुढीले नको सांगजो."

"नाही सांगत. पन तिच्यासाठी दोन बांधून देऊ?"

मग जे हसू उसळलं, त्यात उभे असलेले एकेक करून बसले. वर्षभर शेठकडे जेवलेल्या कोणाजवळच बोलायला जागा उरली नव्हती. त्या दिवशी आईची कणीक संपली, पाटोडी संपली, नुसता रस्सा मागणारेही होते. ताटं-गिलास एकच, सगळ्यांना सारखे, आणि घासायचे आम्ही. वेगळा कप ठेवायला आमच्या निंबाला खिळाच नव्हता.

मी बी.ए. झाले त्या उन्हाळ्यात शेठ स्वतः निंबाखाली आला. मुलीचं लग्न होतं, पांढुर्ण्याहून वरात येणार होती. "आमरसासंगं लांब पोळी पायजे, असं पाहुण्याईनं सांगितलं. मांगं जागा करून देतो तुले."

आई कणीक आपटतच म्हणाली, "मांगं नाही. मांडवाच्या दारात चूल मांडीन. पाहुने आले का पहिले मी दिसली पायजे."

आईनं शेठला बसायला पोतं सरकवलं, पुढ्यात ताट ठेवलं. तो बसला. जेवला. उठताना म्हणाला, "दारात तं दारात."

वरात आली तेव्हा बँडवाल्यांच्या आधी लोकांना आमचा धूर दिसला. आई मांडवाच्या दारात, पदर खोचून, दोन्ही हातांवर कणीक झुलवत. वऱ्हाडी मंडळी तिथंच थांबली, नवरदेवाचं घोडंही अडलं. कोणीतरी विचारलं, "कोन हो ह्या बाई?"

मी नवी साडी नेसून पोळ्यांच्या टोपलीशी बसले होते. मी तोंड उघडायच्या आत शेठच म्हणाला, "ह्या निंबाखालच्या. आमच्या सौंसरात यांच्यासारखी पोळी कोनाले येत नाही."