माझ्या डोळ्याने लावलेली साइट

माझ्या मुलीने माझ्याकडे फक्त एक दोरी मागितली होती. क्लबने तिला वापरायला दिलेल्या जुन्या धनुष्याच्या दोरीचे धागे सुटायला लागले होते आणि दोन आठवड्यांवर क्लबच्या ज्युनियर टीमची निवड होती. टीममध्ये चौघींना घेणार होते. ही दीड वर्ष दर रविवारी न चुकता जात होती आणि त्या चौघींत यायचं एवढंच तिचं त्या वर्षीचं मागणं होतं. मी दोरी आणायला दुकानात गेलो आणि अख्खं धनुष्य घेऊन आलो.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. माझा स्वभावच तसा आहे आणि तो लपवण्यात आता अर्थ नाही. त्या दुकानात मी आधी कॅटलॉगमधला शिकारीचा क्रॉसबो बघत उभा होतो. दुकानदाराने त्याला इथे परवाना लागतो असं सांगून पान उलटलं, तेव्हा कुठे मी भानावर आलो. मग मुलीला दुकानात बोलावून तिच्या हाताचं माप घेतलं आणि तिच्या ताकदीला झेपेल असं धनुष्य निवडलं. निळ्या रंगाचं, सुंदर होतं. तिने ते हातात धरलं, एकदा रिकामंच ओढून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, नाइस आहे. पण आत्ता नको ना. ट्रायल झाल्यावर वापरते."

तिचे कोच हेच म्हणाले. साठीतला, सडपातळ, कमी बोलणारा चिनी माणूस. नव्या धनुष्याला वेळ द्यावा लागतो, असं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. नवी दोरी पहिले काही शे बाण मारेपर्यंत ताणत राहते, आज लावलेली खूण उद्या राहत नाही. दोरी बसली की मग साइट लावायची. साइट म्हणजे धनुष्याला लावलेली एक छोटी कडी. त्या कडीतून लक्ष्याचा पिवळा मध्य दिसला की बाण सोडायचा. कडी स्क्रूने वरखाली होते आणि प्रत्येक अंतरासाठी तिची जागा ठरलेली असते. निवड होईपर्यंत तिला जुनंच धनुष्य वापरू द्या, नवी दोरी मी चढवून देतो, असं ते म्हणाले.

मी हे सगळं ऐकलं आणि त्यातून एवढंच उचललं की काही शे बाण मारायचे आहेत. मुलीची वार्षिक परीक्षा चालू होती, तिला वेळ नव्हता. मला होता. आम्ही बापलेकीने दोन वर्षांपूर्वी क्लबमध्ये शिकाऊ कोर्स एकत्रच केला होता, त्यामुळे रेंजवर, म्हणजे क्लबच्या सरावाच्या मैदानावर, बाण मारायची परवानगी मला होतीच. तुआस या इथल्या औद्योगिक भागातल्या एका फॅक्टरीत माझं काम म्हणजे मोजमापाची यंत्रं तपासून त्यांचं शून्य जागेवर आणायचं. वीस वर्षं तेच करतोय. मी यंत्र सेट करून द्यायचं आणि दुसऱ्याने बटण दाबायचं. धनुष्यात वेगळं काय असणार?

मग रोज संध्याकाळी तुआसहून थेट रेंजवर. पहिल्या दिवशी बाण कुठेही जात होते, तिसऱ्या दिवशी दोरी बसायला लागली, पाचव्या दिवशी तीस मीटरवर पिवळ्यात बाण रुतायला लागले. मी वहीत तारखेनुसार आकडे लिहिले. शेवटी फॅक्टरीतून आणलेल्या लेबलच्या पट्टीवर बारीक रेघ मारून ती साइटच्या बाजूला चिकटवली. इतकं नेटकं काम मी ऑफिसातही केलं नसेल.

कोच माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर, धिस वन युअर मार्क. नॉट हर मार्क."

मी हसलो. त्यांचं म्हणणं असं की माझा हात लांब, माझी दोरी जास्त मागे येते, बाण जोरात सुटतो. माझा जबडा वेगळा, डोळा वेगळा. तीच कडी तिच्या डोळ्यासमोर धरली तर बाण खाली पडेल. मी त्यांना मोजमापाची अचूकता यावर दहा मिनिटं ऐकवलं. त्या दहा मिनिटांची मला आजही लाज वाटते. साठ वर्षांच्या, हयात तिरंदाजीत घालवलेल्या माणसाला मी तिरंदाजी शिकवत होतो. त्यांनी मान डोलावली आणि ते दुसऱ्या मुलाकडे गेले. त्याच दिवशी, आता याचं काय काम म्हणून, मी मुलीचं जुनं धनुष्य क्लबला परतही करून टाकलं. तिला न विचारता.

घरी बायको म्हणाली, "अरे, तिचं तिला करू दे ना." मी म्हणालो, "तिला परीक्षेतून वेळ आहे का? तयार हातात देतोय." आमच्या घरात मी म्हणेन ती पूर्व दिशा. हे मी तेव्हा कधी कबूल केलं नसतं.

शुक्रवारी दुपारी मुलीचा शेवटचा पेपर संपला. रविवारी सकाळी निवड. ती शाळेच्या कपड्यांतच धनुष्याची बॅग उचलायला आली, आणि मी तिला थांबवलं, कारण त्या दिवशी खंडेनवमी होती.

माझ्या वडिलांचं पिंपरीला छोटं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला लेथला झेंडूचा हार पडला की दसऱ्याची पूजा होईपर्यंत तिथल्या पान्यालासुद्धा कुणी हात लावायचं नाही. मी इथे परदेशात, बुकित पंजांगच्या आमच्या आठव्या मजल्यावरच्या घरात, ती प्रथा दरवर्षी माझ्या लॅपटॉपवर आणि स्क्रू ड्रायव्हरवर भागवत आलो होतो. त्या वर्षी घरात पहिल्यांदा खरं शस्त्र आलं होतं! मी सकाळीच ते पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. फोटो काढून पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता आणि त्यावर येणारे नमस्कार वाचत बसलो होतो.

"बाबा, इट्स नॉट अ शस्त्र. इट्स इक्विपमेंट," ती इथल्या पोरांसारखं वाक्यामागे 'लाह' जोडत म्हणाली. "मला फक्त एक तास दे. वन अवर ओन्ली, लाह. मी एकदाही शूट नाही केलंय त्याने."

"पूजेला बसलेल्या शस्त्राला हात लावायचा नाही. उद्या उत्तरपूजा झाली की घे. आणि शूट करायचंय कशाला, सगळं सेट आहे."

ती खोलीत गेली. दसऱ्याला पूजा झाली, महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम झाला. तिथून रेंजवर जायला निघालो तर विजांच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला आणि रेंज बंद झाली. तेवढं एक निमित्त मला मिळालं. पुढे कितीतरी दिवस मी सगळ्यांना सांगत होतो की पावसामुळे माशी शिंकली.

रविवारी पालकांना मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोरीच्या मागे उभं केलं होतं. मुलीने सरावाचे सहा बाण मारले. सहाही बाण लक्ष्याच्या खालच्या काळ्या पट्ट्यात, एकमेकांना चिकटून. एका मुठीत मावतील इतके जवळ. मी मोजमापाचा माणूस. सगळे बाण एकाच चुकीच्या जागी पडतात तेव्हा हात चुकत नसतो, खूण चुकलेली असते, हे मी नव्या पोरांना फॅक्टरीत पहिल्या आठवड्यात शिकवतो. त्या सकाळी मला ते दिसलं नाही. मला दिसलं की पोरगी हात खाली पाडते आहे.

बाण आणायला जाताना कोच तिच्याजवळ गेले, काहीतरी बोलले आणि बोटाने कडी खाली करायची खूण केली. तिने मागे वळून दोरीपलीकडे माझ्याकडे बघितलं. मी अंगठा वर केला. खरी फेरी सुरू झाली. पुन्हा काळ्यात, पुन्हा एकमेकांना चिकटून. अर्ध्यावर कोच परत एकदा आले. तिने मान हलवून नाही म्हटलं. शेवटपर्यंत तिने त्या कडीला हात लावला नाही. यादी लागली तेव्हा ती खालून दुसरी होती.

निघताना कोच माझ्यापाशी आले. "ग्रुपिंग व्हेरी गुड, सर. बेस्ट टुडे. ओन्ली साइट राँग. आय टेल हर मूव्ह, टू टाइम्स. शी डोन्ट वाँट." एवढं बोलून ते बाण गोळा करायला गेले.

मला राग आला. स्वतःचा नाही, तिचा. एलआरटी ट्रेनच्या डब्यात शेजारी बसल्या बसल्या मी सुरू झालो. कोच सांगतायत तर ऐकायला काय झालं होतं? एक स्क्रू फिरवायचा होता. दीड वर्ष घालवलंस आणि एका स्क्रूसाठी टीम घालवलीस?

ती खिडकीबाहेर बघत होती. चिडलेली नव्हती, हे मला जास्त लागलं.

"मी हलवली असती," ती म्हणाली, "तर तू घरी जाऊन विचारलं असतंस, का हलवली. मग वही काढली असतीस. मग आकडे दाखवले असतेस. दॅट वुड बी द होल वीक, बाबा. मग आई मधे पडली असती आणि तू तिच्यावर ओरडला असतास." तिने खिशातून इयरफोन काढले. "टीम तर एकदाच जाते ना."

पंधरा वर्षांची पोर. तिने तिथे उभ्याउभ्या हिशेब केला होता की हरणं स्वस्त पडेल. तो हिशेब तिला मीच शिकवला होता, घरी, रोज, आवाज चढवून. तरीही मी म्हणालो, "पुढच्या वेळी मला आधी सांगायचं." तिने कानात इयरफोन घातले.

पुढच्या रविवारी ती उठली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी मी धनुष्याची बॅग तिच्या दारात नेऊन ठेवली आणि म्हणालो, चल, आज तुझ्या डोळ्याने साइट लावू, मी एक अक्षर बोलणार नाही. तिने फोनवरून नजर काढली नाही.

"यू गो लाह, बाबा. तुझ्यासाठीच सेट आहे ते."

बॅग घेऊन मी एकटाच गेलो, हे मी आजवर घरात सांगितलेलं नाही. तीस मीटरवर उभा राहिलो आणि स्क्रूला हात न लावता सहा बाण मारले. सहाही पिवळ्यात गेले.