हेझकाया अंकलनी सांधलेलं जाळं

ओरेथा सिमन्सनं एकतीस वर्षं कारखान्यात खेकडे सोलले. शेजारणीचा एक डबा भरेस्तोवर हिचे दोन झालेले असत. बोलण्यात मात्र कंजूष. कारखाना बंद पडल्यावर बेटावरच्या बाकीच्या बायका नातवंडं सांभाळू लागल्या आणि ही अंगणात भंगार जमवू लागली. समुद्रानं आणून टाकलेली लाकडं, गंजके पत्रे, कालवांच्या शिंपल्या. त्यातून ती माणसं उभी करी. लोक हसत, आणि हसून झालं की आपल्या घरचं भंगारही आणून देत.

यंदा चर्चच्या वर्धापनदिनासाठी तिनं एक बाई केली होती. लाकडाचं अंग, पत्र्याचा झगा, भोवती कोळंबीचं जुनं जाळं. जाळ्याला समोर मोठं भोक आणि बाईच्या हातात सुरी. ही बाई कोण, ते ओरेथानं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या, क्लिफर्डच्या घरातली आठ वर्षं तिनं कधी कुणापुढे उकरली नव्हती. रविवारी ही बाई सगळ्या गावापुढे उभी राहणार होती.

शनिवारी सकाळी ती दुकानातून परतली आणि बघते तर भोक गायब! शेजारचे सत्याऐंशी वर्षांचे हेझकाया अंकल, जन्मभर जाळी विणलेले, जाळ्याची सुई खिशात घालत होते.

"अंकल, काय केलंत हे?"

"फाटलं होतं, सांधलं. देवाच्या दारात फाटकं जाळं मांडतेस?"

"मुद्दाम फाडलं होतं मी!"

"मुद्दाम?" ओरेथानं शिजलेला भात फेकून दिल्यासारखे अंकल तिच्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात पुतळा न्यायला मोझेल गाडी घेऊन आली, सोबत कारखान्यातल्या आणखी तिघी. मोझेलनं जाळ्याभोवती एक चक्कर मारली आणि सुरीपाशी थांबली.

"ही तूच ना गं?"

ओरेथानं मान डोलावली.

"आणि सुरी तुझ्या हातात? एकटीनं कापलंस होय जाळं? अगं, क्लिफर्डचं घर सोडलंस त्या दिवशी पायात चप्पल नव्हती तुझ्या! ट्रक कुणी आणला? दारात त्याला कुणी अडवलं?"

"तुम्ही," ओरेथा म्हणाली. "लाज वाटायची गं मला. कुणीतरी मला काढून आणलं, याची."

"लाज त्या मेल्याला वाटायला हवी होती. सरक तिकडे."

ओरेथाच्या खोक्यात कारखान्यातल्या जुन्या सुऱ्या पडल्या होत्या. चौघींनी एकेक उचलली आणि बाहेरून जाळं कापायला घेतलं. अंकलना बघवेना. शेवटी तेच ओरडले, "ती वरची गाठ आधी कापा गं, नाहीतर संध्याकाळ कराल!"

ओरेथानं पुतळ्याच्या हातातली सुरी काढली. कारखान्यातले रबरी हातमोजे भुशानं भरून तिनं भोकाच्या कडेला बाहेरून बांधले, चार हातांनी जाळं फाकवून धरल्यासारखे. पाचवा पुतळ्याच्या रिकाम्या हातात दिला, तिला बाहेर ओढत असल्यासारखा.

रविवारी प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाईंनी विचारलं, "ही कोण?"

ओरेथा उठली.

"ही मी," ती म्हणाली. मग मागच्या बाकाकडे वळली. "आणि ते हात ह्यांचे. उभ्या राहा गं चौघी."